डावा शाफ्ट

झेंडा खाली आला, रणधीरनी क्लच सोडला आणि पिवळ्या गाडीच्या पोटातून टण्णकन आवाज आला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी मात्र वीतभर सरकून जागीच थांबली. भैरोबाच्या घाटाच्या पायथ्याशी तीन-चारशे माणसं जमली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "परत मोडला वाटतं अॅक्सलचा शाफ्ट."

मी दोरीच्या अलीकडे उभी होते. तो शाफ्ट माझा होता. त्याचं पोलाद मी निवडलं होतं, माझ्या भट्टीत मी तापवलं होतं, तेलात मी विझवलं होतं.

रणधीर गाडीतून उतरले. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. ना चिडले, ना वैतागले. यल्लाप्पामामा लोहार जॅक घेऊन पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि डाव्या चाकाजवळ जॅक लावून मोकळे झाले. मागच्या धुऱ्यात दोन शाफ्ट असतात, डावा आणि उजवा. दोन्ही नळीच्या आत झाकलेले, त्यामुळे कुठला मोडला ते बाहेरून कळत नाही. मामांनी उजव्या चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मला ते खटकलं नाही. चार दिवसांनी खटकलं.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी हीट ट्रीटमेंटची छोटी भट्टी होती, अजूनही आहे. लोक गियर, पिना, शाफ्ट घेऊन येत आणि मी ते पाणी देऊन, म्हणजे तापवून-विझवून टणक करून, परत करी. बाई हे काम करते याचं पहिली दोन-तीन वर्षं लोकांना नवल वाटलं, नंतर वाटेनासं झालं. पिवळी गाडी माझ्या वडिलांची, आबांची. त्यांनी तिच्यात मूळच्या दुप्पट ताकदीचं जपानी इंजिन बसवलं होतं आणि बारा वर्षं घाटातल्या चढणीच्या शर्यतींत तिला पळवलं होतं. रणधीर सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर. आबांनी त्यांना जावई म्हणून पसंत केलं ते पत्रिका बघून नव्हे, पन्हाळ्याच्या खराब रस्त्यावर त्यांना जीप चालवताना बघून. आबा गेल्यावर गाडी त्यांच्या हाती आली. खरं तर मीच ती त्यांच्या हाती दिली.

त्या वर्षी ऑक्टोबरातल्या पहिल्या शर्यतीत गाडीचा मूळचा शाफ्ट चौथ्या वळणावर मोडला. गाडी आडवी फिरली आणि कठड्याला जाऊन टेकली. कठड्यापलीकडे दरी. रणधीर चालत खाली आले, हसत आले. त्यांनी सगळ्यांना तो प्रसंग हातवारे करून सांगितला. मी ऐकता ऐकता मनात हिशेब मांडत होते, की या इंजिनाला मूळचा शाफ्ट पुरणार नाही, चांगलं पोलाद घ्यायला हवं.

पुढचे तीन आठवडे मी त्यात होते. पुण्याचा एक विक्रेता परदेशी शाफ्ट मागवून देतो म्हणत होता, पण ते आमच्या धुऱ्यात बसवायला कापावे लागले असते, म्हणून तो विचार सोडला. निकेल आणि क्रोम असलेलं पोलाद मी निवडलं. आमच्या धंद्यात नवखी माणसं नेहमी एक चूक करतात. शाफ्ट मोडला की आणखी कडक करा म्हणतात. जितका कडक कराल तितका तो काचेसारखा होतो आणि झटक्याला तुटतो. शाफ्ट चिवट हवा, पीळ सोसणारा. मामांनी लेथवर दोन शाफ्ट कातले, मी ते तापवले, तेलात विझवले, मग पुन्हा हलक्या तापात ठेवून चिवट केले. बेअरिंगची जागा घासायला ते परत मामांकडे गेले आणि तिथून गाडीत बसले. नोव्हेंबरच्या शर्यतीत त्यातलाच डावा झेंड्याखालीच मोडला.

मोडलेले तुकडे मी भट्टीवर आणले आणि उजेडात धरले. चिवट पोलाद मोडताना आधी पिळवटतं, त्याचा मोड राखाडी आणि तंतू ओढल्यासारखा दिसतो. हा मोड साखरेसारखा चमकत होता. शाफ्टच्या आतल्या टोकाला दाते असतात, त्यांच्या मुळाशी मी कानस फिरवून पाहिली. कानस घसरली, पोलादाला ओरखडासुद्धा उठला नाही. तिथून चार बोटं अलीकडे मात्र ती बरोबर चावली, म्हणजे तेवढीच एक जागा काचेसारखी कडक झाली होती.

पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. त्या दिवशीची भट्टीची नोंद काढली. शाफ्टबरोबर त्याच पोलादाचा एक तुकडा नमुना म्हणून भट्टीत घातला होता, तो ऐरणीवर ठेवून घणाने ठोकला. वाकला, पण तुटला नाही. शाफ्ट माझ्या हातून गेला तेव्हा तो नीट होता. माझ्या हातून तो गेला होता एकाच माणसाकडे.

यल्लाप्पामामा बेळगावकडचे. आबांच्या तरुणपणापासून या गाडीचं काम करत आलेले. माझ्या लग्नात मुहूर्तमेढ त्यांनी रोवली होती. त्यांच्यावर संशय घेताना मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी संशय काही जाईना. त्यांनी थेट डाव्या चाकाला जॅक लावला होता, हे आठवलं ते तेव्हा. त्यात इचलकरंजीच्या मुरगुंडेंची गाडीही मामांकडेच होती. रणधीर नसतील तर त्या घाटात पहिला नंबर मुरगुंडेंचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी मामांकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की घासताना शाफ्ट तापला होता का. ते लेथवर वाकलेले होते, वर न बघता म्हणाले, "पोलाद हाय ताई. कवा कवा दगा देतंय." इतकं बोलून त्यांनी मशीन चालू केलं. मामा बोलता बोलता मशीन चालू करणारे नव्हते. गिऱ्हाईक आलं की ते आधी मशीन बंद करायचे.

घरी रणधीरना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते संतापतील. त्यांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली आणि म्हणाले, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसावर आळ घेऊ नकोस, एखादा तुकडा वाईट निघतो. मी म्हटलं, एकाच जागी तेवढा वाईट निघतो? त्यावर ते उठून अंगणात गेले. माझ्या बाजूने कुणीच नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

उद्यमनगरात तोवर बोलणं सुरू झालं होतं. बाईंच्या भट्टीला आताशा ताप मोजता येत नाही, असं कुणीतरी चहाच्या गाड्यावर म्हणालेलं माझ्यापर्यंत आलं. जानेवारीत शेवटची शर्यत होती. मी दोन नवे शाफ्ट करायला घेतले, आणि या वेळी मी कुणालाच काही बोलले नाही. मामांकडे पाठवण्याआधी दोन्ही शाफ्ट बोटाबोटावर कानस लावून तपासले. दोन दिवसांनी ते घासून परत आले, कागदात गुंडाळलेले, वर तेलाचा हात फिरवलेला. दार लावून घेतलं आणि परत कानस घेतली.

उजवा नीट होता. डाव्यावर दात्यांच्या मुळाशी कानस घसरली. कुणीतरी तिथे गॅसची ज्योत लावून पोलाद लाल केलं होतं, वर पाणी मारलं होतं आणि मग पॉलिश पेपरने घासून डाग काढला होता. दोन दात्यांमधल्या खाचेत कागद पोचत नाही. तिथे तापाची निळसर झाक राहिली होती.

मी तो शाफ्ट उचलला आणि तशीच मामांकडे गेले. दुपारची सुट्टी होती, कामगार बाहेर गेलेले. मामा लेथमागे डबा उघडून जेवत होते. मी शाफ्ट त्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

"मामा, मुरगुंडेंनी तुम्हाला काय सांगितलं?"

मामांनी हातातला घास खाली ठेवला. शाफ्टकडे बघितलं, खाचेतली निळी झाक त्यांनाही दिसली असणार. "मुरगुंडेचं नाव नगा घेऊ ताई," ते म्हणाले. "त्याला ह्यातलं काय बी ठावं न्हाई."

"मग कुणी सांगितलं?"

ते उठले, नळावर हात धुतले, टॉवेलला पुसले. परत आले तरी बसले नाहीत. मी म्हटलं, आबा असते तर त्यांना काय सांगितलं असतं, तेवढंच मला सांगा.

"दाजींनी सांगितलं," मामा म्हणाले.

मला हसू आलं. असं हसू, की मामा एकदम घाबरले आणि त्यांनी मला स्टूल दिलं. मी बसले नाही.

"आक्टोबरात गाडी कठड्याला लागली न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशी आलेते. ह्याच स्टुलावर बसले. च्या दिला, तर कप धरवंना. म्हनले, मामा, मला त्या घाटात परत जायाचं न्हाई. मी म्हनलं, मग ताईला सांगा. तर म्हनले, तिला सांगता येत न्हाई."

"का?"

"त्ये मला काय ठावं, ताई. तुमच्या घरातलं हाय त्ये."

मामा आधी नाही म्हणाले होते. तेव्हा रणधीर म्हणाले, तुम्ही केलं नाही तर मीच कुठेतरी करवतीने कापून ठेवतो. "तवा मला भ्या वाटलं," मामा म्हणाले. "दाजी जनावरांचे डाक्टर, त्यास्नी काय कळतंय कुठं कापायचं. भलतीकडं कापलं आन मधल्या वळनावर चाकच निघून गेलं तर? म्हनून म्या केलं. आतल्या अंगाला केलं, तितं मोडला तर चाक जाग्यावर ऱ्हातंय. आन पयल्याच झटक्याला मोडंल एवढा नाजूक केला. वर जायाच्या आत."

डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "तुमच्या भट्टीला नाव ठेवत्यात, त्ये माझ्या कानावर येतंय. झोप लागत न्हाई मला."

मी शाफ्ट परत कागदात गुंडाळला. मामांना सांगितलं, की दाजींना काही बोलू नका, जसं चाललंय तसं चालू दे. मामांनी हात जोडले. त्यांना वाटलं, मी समजून घेतलं.

मी काहीच समजून घेतलं नव्हतं. भट्टीवर आले, तो शाफ्ट पुन्हा तापवला, विझवला आणि चिवट केला. घासायला तो शिरोळीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात नेला. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी रणधीर दवाखान्यात गेलेले असताना गाडीची मागची चाकं काढून दोन्ही शाफ्ट मी माझ्या हाताने बसवले. शर्यतीला आठ दिवस होते तेव्हापासून मी मनाशी एकच घोकत होते, की एकदा ते वर जाऊन आले की भीती निघून जाईल. हे मी स्वतःला सांगत होते. त्याच्या खाली राग होता. दोन महिने हा माणूस मला माझ्याच पोलादावर संशय घेताना बघत राहिला होता. आता बसू दे त्याला धक्का.

त्या आठ दिवसांत आम्ही एकमेकांशी फार नीट वागलो. रणधीरनी एकदा विचारलं, "शाफ्ट आले का मामांकडून?" मी म्हटलं, "आले, छान झालेत." ते "बरं" म्हणाले. बोलताना ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्या.

शर्यतीच्या दिवशी सकाळी धुकं होतं, म्हणून सुरुवात तासभर लांबली. रणधीर मजेत होते. मुरगुंडेंच्या गाडीच्या बॉनेटवर बसून त्यांनी चहा घेतला, कुणाच्या तरी म्हशीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं. मला ते बघवेना. मामा आधीच जॅक घेऊन येऊन उभे होते, डाव्या बाजूला.

आमचा नंबर सातवा. गाडी रेषेवर आली. तपासनिसाने खिडकीतून वाकून हेल्मेट आणि पट्टे पाहिले, अंगठा वर केला आणि तो मागे झाला. मी पुन्हा दोरीपाशी होते, गाडीपासून दहा-बारा हातांवर. रणधीरनी गॅस दिला. इंजिनाचा आवाज चढला. त्यांनी मान फिरवून आरशात बघितलं, आणि तेवढ्यात त्यांचा खांदा मला दिसला.

खांद्यावरचा पट्टा सैल होता. तपासनीस मागे झाल्यावर त्यांनी बकल सोडलं होतं, ते खाली मांडीवर लोंबत होतं.

गाडी वीतभरच जाणार हे ज्याला ठाऊक आहे, तो पट्टा कशाला आवळून घेईल? तो क्लच एकदम सोडणार होता, पूर्ण ताकदीने, कारण शाफ्ट मोडायला तेवढा झटका लागतो. आणि शाफ्ट मोडणार नव्हता. मी स्वतः तो तसा केला होता. पुढे सरळ रस्ता शंभर पावलांचा, मग पहिलं वळण.

झेंडा वर गेला होता. दोरीखालून मी कशी गेले ते मला आठवत नाही. कुणीतरी माझा पदर धरला, तो सुटला. मी गाडीचं दार उघडलं आणि किल्लीवर हात घातला.

"मोडणार नाही हा," मी म्हटलं.

हेल्मेटमधून त्यांना ऐकू आलं नसावं. मी परत म्हटलं, "डावा शाफ्ट. मी तो परत चिवट केलाय. मोडणार नाही."

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि किल्ली स्वतः फिरवली. इंजिन थांबलं. हेल्मेट काढलं तेव्हा कपाळ घामाने भिजलेलं होतं, त्या थंडीत.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आठ दिवस."

"ऑक्टोबरात मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

विचारलं होतं. मला तोवर ते आठवलंही नव्हतं. कठड्याच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी, जेवताना. यंदा राहू दे का गाडी, पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी. मी ताटात वाढता वाढता म्हणाले होते, आबांची गाडी तीनदा उलटली, त्यांनी कधी राहू दे म्हटलं नाही. आणि भाजी वाढून आत गेले होते.

तोपर्यंत शर्यतीचे अधिकारी धावत आले. मामा जॅक घेऊन दोन पावलं पुढे आले आणि आम्हा दोघांची तोंडं बघून थांबले. अधिकाऱ्याच्या हातात फळीवर लावलेला तक्ता होता. काय झालं म्हणून त्याने विचारलं. मी सांगणार होते, की शाफ्टमध्ये दोष आहे, माझ्या भट्टीची चूक आहे. माझ्या तोंडून "शाफ्ट" एवढंच निघालं.

"शाफ्ट उत्तम आहेत," रणधीर म्हणाले. "मी चालवणार नाही."

"म्हणजे बिघाड काय लिहू, डॉक्टर?"

"बिघाड नाही. मला भीती वाटते, असं लिहा."

अधिकारी तरुण होता. तो पेन धरून तसाच उभा राहिला. मागे रांगेतल्या गाड्या हॉर्न देत होत्या. मुरगुंडे आपल्या गाडीतून उतरून आले, काही न विचारता आमच्या गाडीला मागून हात लावला. मग मामांनी लावला. आम्ही चौघांनी गाडी ढकलत बाजूला नेली.

घरी जाताना गाडी मी चालवली. रणधीर शेजारी बसले होते. कागलच्या अलीकडे मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांना झोप लागली होती, तोंड उघडं, मान खिडकीकडे.

रणधीर परत कधी शर्यतीत उतरले नाहीत. गाडी पुढच्या वर्षी साताऱ्याच्या एका मुलीने नेली, ती अजून चालवते म्हणतात. मामा दोन महिन्यांनी भट्टीवर आले, माझ्या पाया पडू लागले. मी त्यांना धरलं आणि मीच त्यांच्या पाया पडले. भट्टीला नावं ठेवणाऱ्यांना रणधीरनी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं, एकेकाच्या दारात उभं राहून. तो घाट चढायला जेवढी छाती लागते त्याहून याला जास्त लागली असेल.

अजूनही पाहुणे आले की ते ही गोष्ट सांगतात, आता हसत सांगतात. त्यांच्या गोष्टीत मी फार चांगली आहे. "शाफ्ट दुरुस्त करून ही मला सावध करायला भर शर्यतीत दोरीखालून धावत आली," असं ते म्हणतात. मी चहा ओतत ऐकते.

एकदाच, पाहुणे गेल्यावर, कप गोळा करता करता ते थांबले. "एक विचारू? तू शाफ्ट आदल्या दिवशी बसवलेस. मग सांगायला झेंडा वर जाईपर्यंत का थांबलीस?"

"धीर होत नव्हता," मी म्हटलं.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि कप उचलून आत गेले.